उजवीकडचा फोल्डर

बोगादी, मैसूर
१६ नोव्हेंबर २०२५

चि. संकर्षणास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. दीपश्रीला माझी आठवण सांग, नव्याला गोड पापा. इकडे सर्व ठीक. थंडी पडू लागली आहे. बाजारात अवरेकाई आली. परवा त्या पावट्याच्या शेंगा सोलून उसळ केली आणि एकटीनेच खाल्ली. तू असतास तर पातेलं पुसून काढलं असतंस.

पत्र बघून दचकू नकोस. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर आपण एकमेकांना वाक्य पुरं करू देत नाही.

आधी त्या कॉम्प्युटरचं. तुला वाटेल, अक्का अजून तेच उगाळते आहे. पण इलाज नाही, सुरुवात तिथूनच आहे.

दसऱ्यानंतर एका सकाळी त्याने अपडेट घेतलं. मी कॉफी करून येईतो स्क्रीन नवीकोरी. फोल्डर उघडते तर सगळं विस्कटलेलं. एकाखाली एक लावलेले माझे फोल्डर ‘या महिन्यात’, ‘बऱ्याच दिवसांपूर्वी’ अशा गटांत पडलेले. आकडे, तारखा, एक जास्तीची पट्टी, आणि सगळं या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेलं. ‘आठवी गणित’ कुठेच नाही. संध्याकाळी ट्यूशनची मुलं येणार, त्यांचा पेपर त्यातच. म्हणून तुला फोन केला.

पुढचं तुला ठाऊक आहे. तू पुण्यात बसून माझ्या स्क्रीनवर शिरलास.

“अक्का, हा काय, उजवीकडे. माउस फिरवतोय बघ.”

“दिसत नाही.”

“अगं, त्याच्याभोवती गोल गोल फिरवतोय मी!”

“तिथे काही नाही, संकर्षणा.”

“डोळे फुटले का तुझे?”

वैतागून म्हणालास. आपल्या घरात असंच बोलतात, आईच्या तोंडी तर दिवसातून चारदा असायचं. पण मी नाही नाही ते बोलले. तुझ्या नोकरीचा माज, पुण्याचा माज, सगळं काढलं आणि फोन बंद केला. तेव्हापासून तू गप्प, मी गप्प. भाऊबीजसुद्धा तशीच गेली.

एवढं काय लागलं अक्काला, असं तुला वाटलं असेल. तेच लिहायला बसले आहे.

तुझा फोन ठेवला आणि अनुषाला हाक मारली. वरच्या मजल्यावर भाड्याने राहते ती, सॉफ्टवेअर कंपनीत आहे. माझ्या खांद्यामागे उभी राहून म्हणाली, “इल्ले इदेयल्ला, आंटी.” इथेच तर आहे. मी मान वळवली तेव्हा दिसला. उजव्या कडेला, आरामात बसलेला.

दुसरी कुणी हसली असती. ती म्हणाली, “मान सरळ ठेवून सांगा, आता दिसतो?”

“घाईत होते गं,” मी म्हटलं.

“अपडेटच्या आधी फोल्डर कसे होते?”

“एकच ओळ. स्क्रीनच्या मधोमध. खिडकी अरुंद केलेली.”

“कुणी लावून दिले होते?”

“मीच.”

“का?”

काय सांगणार? गेली दोन वर्षं मी सगळंच हळूहळू मध्यावर ओढत आणलं होतं, कॉम्प्युटरवरचंही आणि घरातलंही. तुला म्हटलं होतं ना, पेट्रोल परवडत नाही म्हणून स्कूटर विकली? तसं नव्हतं. बोगादी रोडवर एक बाई लेकराचा हात धरून उजवीकडून आली आणि मला ती दिसलीच नाही. ती ओरडली, मी ब्रेक दाबला. कुणाला लागलं नाही. घरी येऊन हेल्मेट न काढता कितीतरी वेळ खुर्चीत बसले होते.

अपडेटने काही बिघडवलं नव्हतं रे. माझी सोय तेवढी मोडली, आणि सोय कशासाठी होती ते उघडं पडलं.

अनुषाने रजा काढून मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे एका पांढऱ्या, वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं आणि कुठेही उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी बोट बटणावर ठेवून बसले. ठिपका येईना. म्हटलं, यंत्र बंद पडलं का? तिथली मुलगी म्हणाली, “चालू आहे, अम्मा. तुम्ही समोर बघत राहा.”

काचबिंदू आहे. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो. गेली ती परत येत नाही. उरली आहे ती टिकावी म्हणून रोज थेंब घालायचे. समोरचं मला चांगलं दिसतं. हे पत्र माझ्याच हातचं आहे, अक्षर बघ.

डॉक्टरांनी विचारलं, “घरात कुणाला होतं?” मी म्हटलं, माहीत नाही. माहीत होतं. बन्नूरच्या घरात अण्णा भिंतीला हात लावून चालायचे आणि वाटेत खुर्ची आली की आपल्यावर खेकसायचे, आठवतं? आपण म्हणायचो, वय झालं, मोतीबिंदू असेल. शेवटी त्यांना मी भरवत होते. माझ्या डोळ्यांचं ध्यानात आलं तेव्हाच मला अण्णा दिसले, आणि म्हणूनच मी दाखवायला गेले नाही. तुला कळलं तर तू पुण्याला नेशील. परकं घर, परका जिना, आणि मीही कोपऱ्यात बसून नव्यावर खेकसेन. या भीतीने तोंड शिवून बसले.

मग डॉक्टर म्हणाले, “भावंडं?”

“धाकटा भाऊ आहे.”

“त्यांना लगेच तपासून घ्यायला सांगा. काही त्रास नसला तरी.”

स्वतःचं ऐकताना मी धीराने बसले होते. हे ऐकून तिथेच पहिल्यांदा फोन हातात घेतला. तू रोज गाडी चालवतोस. नव्याला क्लासला सोडतोस. मी गप्प राहिले ती दोन वर्षं एकट्या माझी नव्हती, संकर्षणा.

तेव्हा ऐक. हे पत्र दीपश्रीला वाचायला दे. याच आठवड्यात जा. डॉक्टरांना सांग, सख्ख्या बहिणीला काचबिंदू आहे, वडिलांनाही असावा. चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नकोस. डोळ्यांचा दाब बघायला लाव, आणि ते बटणाचं यंत्रही. तोवर गाडी दीपश्रीला चालवू दे. नाक मुरडू नकोस, ती तुझ्यापेक्षा बरी चालवते.

काही निघो, न निघो, मला कळव. त्या दिवशी बोलले त्याबद्दल इथे लिहिणार होते, पण ते कागदावर नको. संक्रांतीला या तिघंही.

आलास की शेजारी बसू नकोस. समोर बस. तुझा चेहरा मला पुरा दिसतो.

तुझी,
अक्का