हिरवी बाजू

३ मार्च
बँक्सिया कोर्ट या वृद्धांच्या वसाहतीत आले. घर लहान, पण खिडकीतून समुद्र दिसतो आणि गवत कापायची कटकट संपली. इथला व्यवस्थापक ट्रेंट मला ‘विन राणी’ म्हणाला. मिसेस हॅलिडे म्हणायचं, असं बजावलं. तो म्हणाला, इथे सक्ती कशाचीच नाही. फक्त सकाळी उठलं की दाराबाहेरची पाटी उलटून हिरवी बाजू पुढे करायची. हिरवी म्हणजे बाई मजेत. रात्री लाल करायची; सकाळीही लाल राहिली तर कोणीतरी विचारपूस करायला येतं.

५ मार्च
पाटी उलटली नाही. जन्मभर शाळा चालवली; जिवंत आहे हे रोज दाराला टांगायला मी दुकान नव्हे. बायका केक घेऊन आल्या. रागावलं कोणीच नाही. इथे सगळेच उलटतात गं, एवढंच हसून म्हणाल्या.
शेजारची कोरल मात्र कुंपणावरून ओरडली, शाब्बास मास्तरीणबाई, उद्यापासून मीपण नाही! रविवारी ती कायमची मुलाकडे निघाली आहे. मोहरीच्या रंगाचा स्वेटर, खणखणीत हसणं. आवडली.

९ मार्च
रविवार उलटला. कोरल गेली नाही, दिसतही नाही. पाटी मात्र रोज हिरवी. तिच्या खिडकीतून डोकावले. खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसली आहे. हाका मारल्या, मान वळली नाही. पोलिसांना कळवलं. ते आले, ट्रेंटने त्यांना पाटी दाखवली, ते गेले. मला म्हणाला, हिरवी आहे ना, मिसेस हॅलिडे? कोणाच्या खाजगी आयुष्यात आम्ही घुसत नाही.

१० मार्च
माझी पाटी हिरवी. मी हात लावलेला नाही. लाल केली. चहा होईपर्यंत पुन्हा हिरवी.

११ मार्च
दारातल्या भिंगातून पहारा केला. मोहरीरंगी बाही आली. राखाडी हात. पाटी उलटली. धावत जाऊन पाहिलं — कोरल तशीच खुर्चीत.
उद्या निघते. मुलीला, फिलिपाला, फोन केला. ती हसली. म्हणाली, आई, तू मजेत असल्याचा निरोप रोज येतो मला, उगाच कशाला —

१२ मार्च
बॅग भरली. दार उघडत नाही. बडवलं. ओरडले. त्या केकवाल्या बायका थांबल्या, पाटी पाहिली, हात हलवला. स्वारी आज खुशीत आहे, म्हणाल्या.

दुपार
माझी खुर्ची. खिडकीकडे पाठ करून. मी ठेवलेली नाही —
बसणार नाही. उभीच राहणार. गुडघे आपोआप