वेफर्सवाल्याचा बंदोबस्त

२ फेब्रुवारी
सकाळी पूजेला बसलो आणि कानबाई मातेकडे हितेंद्रचं वाटोळं मागितलं. फूल वाहताना हात थांबला. देवीकडे असं मागू नये. मग मागणी दुरुस्त केली. पूर्ण वाटोळं नको, धंद्यापुरतं. मन शांत झालं.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे राग विझणार नाही. रावेरचा हितेंद्र केळीचे वेफर्स बनवतो. ब्रँड आईच्या नावाने, ‘बेबाबाई वेफर्स’. पहिल्या कढईपासून त्याचं कंटेंट मी लिहिलं. काल फोनवर म्हणाला, आता धुळ्याची डिंपल लिहील. का, तर म्हणे, “शालिग्रामभाऊ, तुमची जाहिरात वाचून लोक आहेर घेऊन येतील. वेफर्स कोण नेईल?”

आमच्या पिंप्राळ्यात निम्म्या लग्नपत्रिकांचा मजकूर माझा असतो. तीच शिस्त जाहिरातीत ठेवली. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून ताजे वेफर्स तळण्याचे योजिले आहे.’ यात चूक दाखवा.

४ फेब्रुवारी
डिंपलची पहिली पोस्ट : ‘कुर्रर्र. ऐकलं?’
संपलं. देवाचं नाव नाही, नमस्कार नाही, विनीत कोण ते नाही. तरी लाइक्सचा पाऊस.

फ्रीलान्सरांसाठीचा एक व्हिडिओ पाहिला. पहिल्या ओळीत वाचकाला धरा. वाचकाला तो स्वतः मजकुरात दिसू द्या. शेवटी त्याने काय करायचं ते स्पष्ट सांगा. माझ्या मजकुरात शेवटी ‘अगत्य येण्याचे करावे’ असतंच. नवीन काही नाही. अर्ध्यात बंद केला.

७ फेब्रुवारी, दुपार
पहिला वार. हितेंद्रच्या पेजवर वाईट रिव्ह्यू टाकायला बसलो. ‘वेफर्स खवट’ असं टाइप केलं. पण खोटं लिहिवेना. परवाच पाकीट संपवलं होतं. शेवटी लिहिलं : ‘वेफर्स उत्तम. मालक कृतघ्न.’ दुसरं वाक्य लोकांच्या लक्षात राहील.

९ फेब्रुवारी
लक्षात राहिलं. डिंपलने त्याचंच पोस्टर केलं. ‘वेफर्स उत्तम. मालक कृतघ्न. चव घ्या, मालकाला सोडा.’ खाली हितेंद्रचा हात जोडलेला हसरा फोटो. रावेरच्या स्टँडवर मोठं करून लावलंय म्हणतात. बायको, सुनंदा, म्हणाली, “चला, तुमचं लिहिलेलं एकदाचं चाललं.” उपवास होता, म्हणून बोललो नाही.

१२ फेब्रुवारी
उपाय सुचला. पूजेतच सुचला, म्हणजे वरून मंजुरी आहे.

बावीस तारखेला हितेंद्रच्या धुळ्यातल्या दुकानाचं उद्घाटन. डिंपलने फक्त एक रील टाकलीय. मी निमंत्रणपत्रिका करणार. रावेरपासून चोपड्यापर्यंत त्याचे बठ्ठे, एकूण एक नातेवाईक नावानिशी घालणार. काका, आत्या, व्याही, जावई, शेजारी. फक्त एक नाव गाळणार. प्रेमराजमामांचं. बेबाबाईंचा सख्खा भाऊ, चोपड्याचा. आमच्याकडे पत्रिकेत मामाचं नाव राहिलं तर भरल्या पंगतीतून माणसं उठतात. मामा भडकतील, बेबाबाई रडतील, हितेंद्र कुणाकुणाला समजावेल? तेव्हा कळेल, नावं नीट लिहायला कोण लागतं.

१५ फेब्रुवारी
नावं आठवतोय. फार समाधानाचं काम. सुनंदाने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “माझ्या चोपड्याच्या मावशीचं नाव कुठाय? हितेंद्रच्या लग्नात पोळ्या कोणी लाटल्या?” घातलं. सूड माझा, त्यातही हिचं माहेर.

१७ फेब्रुवारी
पत्रिका सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सोडली. खाली माझं नाव टाकलं नाही, म्हणजे कुणाला पत्ता लागायचा नाही. सुनंदा म्हणाली, “नंबर तर तुमचाच दिसतोय.” तिला यातलं तांत्रिक कळत नाही.

१९ फेब्रुवारी
पत्रिका सुसाट पळतेय. जो तो आपलं नाव शोधतो, सापडलं की पुढे पाठवतो. नाही सापडलं तर भांडतो आणि तरी पुढे पाठवतो. प्रेमराजमामांचा व्हॉइस मेसेज आला, ग्रुपवरच : “बठ्ठास्ना नावे शेतस, मनं कोठे शे?” सगळ्यांची नावं आहेत, माझं कुठे आहे, एवढंच. तीनदा ऐकला. थोडं वाईट वाटलं. देवीपुढे साखर ठेवली.

२१ फेब्रुवारी
संकल्प : उद्या हितेंद्र रडत फोन करेल. उचलायचा नाही. सुनंदालाही सांगून ठेवलं. क्षमा लगेच केली की तिची किंमत राहत नाही.

२२ फेब्रुवारी, सकाळ
सुनंदा मावशीबरोबर धुळ्याला गेली. नाव आहे म्हणे, जावंच लागतं. मी घरी. मोबाईल समोर.

दुपार
हितेंद्रचा फोन. उचलला नाही. परत आला. नाही. परत. हात पुढे गेला होता, मागे घेतला. ‘भाऊ, उचला ना’ असा मेसेजही आला. उत्तर नाही. दुकान बंद पडलं असावं. मन भरून आलं.

संध्याकाळ
सुनंदा परतली. दोन पिशव्या वेफर्स घेऊन.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती म्हणाली. नाव असलेले आले ते मान राखायला, नाव नसलेले आले ते जाब विचारायला. प्रेमराजमामांनी चोपड्याहून दोन टेम्पो माणसं आणली. दारातच म्हणाले, “नाव नही ते काय व्हयनं, मामा ते शे ना!” बेबाबाई गळ्यात पडल्या. फीत मामांनीच कापली. माल दुपारीच संपला.

मी विचारलं, हितेंद्र काय म्हणाला. तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, “अशी पत्रिका सबंध खान्देशात एकटे शालिग्रामभाऊ लिहितात. माझी चूक झाली.” पुढे शिरपूर, साक्री, दोंडाईचा, प्रत्येक नव्या दुकानाची पत्रिका मीच लिहावी असं त्याच्या मनात होतं. माझा होकार घेऊन मामांच्या तोंडून तिथेच जाहीर करायचं होतं. म्हणून तो फोन लावत होता. शेवटी त्याने सुनंदाला विचारलं, “वहिनी, भाऊ फोन का नाही घेत?”

तिने खरं ते सांगितलं. “त्यांनी ठरवलंय, तुमचा फोन घ्यायचा नाही.”

हितेंद्रने फोन खिशात ठेवला म्हणे. मग म्हणाला, भाऊंच्या मनाविरुद्ध नको. डिंपल शेजारीच उभी होती. तिने तिथल्या तिथे मावशीला बसवून शिरपूरच्या पत्रिकेसाठी तिकडच्या नातेवाइकांची नावं विचारायला सुरुवात केली.

वेफर्स खाल्ले. उत्तम आहेत.

फोन उचलायचा नाही असं ठरवलं होतं. नाही उचलला.