गव्हाणीवरचा नारळ

१ नोव्हेंबर
सांगलीची पोरगी अखेर साहेबीण झाली! रहिमतपूरजवळच्या साखर कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून आज रुजू झाले. क्वार्टर ऐसपैस आहे, खिडकीबाहेर ऊसच ऊस. दारावर माझ्या नावाची, ‘शिवांजली’ अशी पाटीही लागली. दुपारी गव्हाण पाहिली. लांबलचक लोखंडी खाच. ऊस तिच्यात पडतो आणि साखळीवरून थेट फिरत्या सुऱ्यांकडे जातो. काठावर खोलगट वाटीत बसवलेलं लाल बटन, दाबलं की सगळं जागच्या जागी थांबतं. मी दाबून पाहिलं, थांबलं. गव्हाणीवर काम करणारा आकाराम हसून म्हणाला, बघणारं कुणीतरी आलं, बरं झालं.

५ नोव्हेंबर
आज मोळीपूजन. चीफ इंजिनिअर लालासाहेबांनी पहिली मोळी गव्हाणीत टाकली आणि लाल कापडात गुंडाळलेला नारळ नेमका त्या बटनावर ठेवून दोऱ्यानं करकचून बांधला. उरलेला दोरा माझ्या उजव्या मनगटाला बांधला. बटन मोकळं हवं, असं मी म्हटलं, तर आकारामच मला समजवायला लागला.
“आवं मॅडम, हंगाम सरस्तवर त्यो नारळ कुनी सोडत न्हाई. गव्हाण कोपती.”
लालासाहेब म्हणाले, लोकांच्या श्रद्धेला हात लावू नका. श्रद्धा कसली, यांना मिल थांबायला नको! पण नव्याचे नऊ दिवस तरी गोडीत जावेत म्हणून गप्प बसले.

१२ नोव्हेंबर
तपासणीला सरकारी कारखाना निरीक्षक आले. ऑफिसात चहा घेता घेताच त्यांनी मला विचारलं, थांबवायचं बटन चालतं ना? लालासाहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, चालतं. खोटं कुठं बोलले? दाबलं तर चालतंच की. तरी आज जेवण गेलं नाही.

१८ नोव्हेंबर
आकाराम गेला.
अडकलेला ऊस आकड्यानं ओढताना त्याचा पाय साखळीत सापडला. मी बटनाजवळच होते. दोरा नखांनी ओढला, दातांनी ओढला. तुटेना. तो माझ्याकडे बघून ओरडत होता, “मॅडम, दाबा! दाबा!” मग सुऱ्यांचा आवाज जरा जड झाला. माझ्या तोंडावर गरम काहीतरी उडालं. खालच्या पन्हळीत रस तांबडा येत होता, आणि मिल चालूच.
लालासाहेब शांतपणे म्हणाले, “रस गाळला जातो, मॅडम. साखर पांढरीच निघंल.”

१९ नोव्हेंबर
पोलिसांना सांगितलं, बटन मोकळं होतं. चूक आकारामची. मीच सांगितलं हे. माझ्याच तोंडानं.
मनगटावरचा दोरा ओला झालाय. पाणी नाही ते. कात्रीनं कापत नाही.

२१ नोव्हेंबर
गव्हाण सुरू झाली की दोरा आवळतो. ओढतो. हाडापर्यंत रुतलाय. सकाळी अंगणात आकाराम होता — कमरेपर्यंतच. हातांवर सरकत आला. म्हणाला, आता तरी दाबा.
उद्या कोयता घेऊन जाते. तो नारळच फोडते.

२६ नोव्हेंबर
सातारा. दवाखाना. डाव्या हातानं लिहितेय. उजवा गव्हाणीत राहिला.
कोयता उचलला आणि दोऱ्यानं हात खाली खेचला — साखळीत — लालासाहेब बटनापाशीच होते. मी ओरडले, दाबा, दाबा. त्यांनी नारळाला हात जोडले.

२७ नोव्हेंबर
निरीक्षक आज येणार. लालासाहेब भेटायला आले, तर मी त्यांना तोंडावर सांगितलं, आता खरं सांगणार. नारळ तुम्ही बांधलात, खोटं मी बोलले. ते हसले. प्रसाद ठेवला. माझ्या डाव्या मनगटाला नवा दोरा बांधला. मला हात सोडवता — एकच तर हात —
गेले. जाताना दार लावून घेतलं.
दोरा आवळतोय. कारखाना इतका लांब, तरी पलंगाखाली साखळीचा आवाज —
आणि आकाराम. दाबा म्हणतोय.
नर्सला बोलवायचं बटन उशाशीच आहे. दाबते. त्याच्यावर हे काय — लाल कापड — आत गोल, कडक, दोऱ्यानं कर