पाटीवरचा अख्खा शब्द

दादा,

आईला घेऊन हॉस्पिटलात चालले आहे. आपल्या घरात घटस्फोटाला "घ" म्हणायचं आणि कॅन्सरला "क", हा तुझा कायदा. माझ्या "घ"च्या वेळी मी तो मुकाट्याने पाळला. पण हॉस्पिटलच्या पाटीवर अख्खा शब्द लिहिलाय, तो आई वाचेल, म्हणून तू तिचे उपचारच पुढे ढकलत राहिलास! धन्य आहेस.

आज सकाळी मी तिला तो शब्द स्वच्छ सांगितला. तर म्हणाली, "अगं, मग मला आधीच का नाही नेलं त्या घाबरटाने?"

उत्तर तूच शोधून ठेव. आज तिकडे फिरकू नकोस.

जेवण झाकून ठेवलंय. आईने ठेवायला लावलं. मी ठेवलं नसतं.