गाढव इंजिनाची निरवानिरव

मी, सिसिलिया पास्कोल तुस्कानो, वय सदुसष्ट, मूळ राहणार गिरीज, वसई, सध्या मुक्काम अल कुसैस, दुबई, मुलाच्या व्हिसावर, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट घरच्यांनी "कशाला आत्ता" म्हणून गप्प बसवायचा प्रयत्न केला, म्हणून तर लिहिते आहे. वकील म्हणाले इंग्रजीत लिहा. माझे शिक्षण कॉन्व्हेंटातले असले तरी मी भांडते मराठीत.

हा कागद ओट्यापाशी उभ्याने लिहिला आहे. नात लॅरिसाने विचारलेच, "ग्रॅनी, व्हाय आर यू स्टँडिंग?" मी म्हटले, बसले की राग उतरतो.

१. याआधी मी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे. जिथे मरेन तिथेच मला पुरावे. करामा, शारजा, अजमान, पुन्हा शारजा आणि आता अल कुसैस, एवढे सामान हलवून झाले. आणखी एकदा हलायची माझी इच्छा नाही. माझ्या अंत्यविधीच्या मासला दीर फ्रेडीने गाऊ नये.

२. गिरीजच्या घरातला माझा हिस्सा मुलगा लिओ याला. विहीर बुजवून गाडी उभी करायला जागा करणार असेल तर हिस्सा चर्चला.

३. बँकेतल्या ठेवी लिओ आणि लॅरिसा यांना समान. माझ्या सोन्याच्या बांगड्या लॅरिसाला, तिने माझ्याशी निदान भांडण्यापुरते तरी मराठी शिकावे या आशेवर. अट नाही, आशाच आहे.

४. इंजिनाविषयी. इथे सविस्तर लिहिते, कारण मृत्युपत्र करायची वेळ याच्यामुळेच आली.

माझे पती पास्कोल शारजात एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते, म्हणजे लेथवर धातू कातणारे. मी एका बांधकाम कंपनीत नकाशे उतरवायचे काम करत असे. आमच्या कंपनीतला एक इंग्रज इंजिनिअर परत जाताना मला जुन्या वाफेच्या इंजिनाचे दोन नकाशे देऊन गेला. इंजिन एकच, नकाशे दोन. पहिल्यात ते नवे होते, अठराशे चाळीसच्या सुमाराचे. विलायतेत तेव्हा प्रवासी गाड्यांना अशीच इंजिने लावत. मधोमध मोठ्या चाकांची एकच जोडी, सगळी ओढ तिच्यावर, पुढेमागे लहान चाके नुसती आधाराला. दिसायला राजाचा घोडा. दुसरा नकाशा वीसेक वर्षांनंतरचा. तोवर गाड्या जड झाल्या होत्या आणि ती मोठी चाके जागच्या जागी फिरू लागली होती. मग कारखान्यात नेऊन त्याचा बॉयलर बदलला, मोठी चाके काढून मध्यम चाकांच्या दोन जोड्या बसवल्या आणि त्या दांड्यांनी एकमेकींना जोडल्या. रूप गेले, पण ते पुढे कितीतरी वर्षे राबले.

पास्कोल पहिल्या नकाशाच्या प्रेमात पडला. दोन हात लांब, खऱ्या कोळशावर आणि पाण्यावर चालणारे इंजिन त्याने बांधले. सगळी मापे मी काढून दिली. त्यावर पितळी पाटी लागली ती मात्र एकट्या पास्कोलच्या नावाची. ती त्याचा धाकटा भाऊ फ्रेडी याने लावली.

अजमानला एका गोदामामागे फ्रेडीच्या हौशी इंजिनवाल्या क्लबाचे छोटे रूळ आहेत. शुक्रवारी इंजिनामागे लहान गाडा जोडून मुलांना बसवत. कोपऱ्यावर चढ आहे. दर वेळी तिथे मोठी चाके गरगर फिरत आणि इंजिन जागेवरून हलत नसे. चाकांना पकड मिळावी म्हणून पास्कोल खिशातली वाळू रुळांवर टाकी. वाळूला इथे काय तोटा! तरी शेवटी मुलांना उतरून ढकलावेच लागे. मी दुसरा नकाशा दाखवला की पास्कोल म्हणे, "इन्शाल्ला, पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी तो गेला.

त्यानंतर वर्षभराने मी निवृत्त झाले आणि दुसरा नकाशा उघडला. चाके अजमानच्या एका कारखान्यातून ओतून घेतली. दांडे मी स्वतः कानशीने घासले. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी भरतकाम शिकवताना टाका केसभर चुकला तरी उसवायला लावले होते. तो जाच अखेर उपयोगी पडला.

इंजिन पाहून फ्रेडी ओरडला, "वहिनी, माझ्या भावाच्या घोड्याचं गाढव केलंत!"

"गाढव चढ चढतं, फ्रेडी. घोड्याला पोरं ढकलत होती."

लिओ म्हणाला, "मम्मी, ते डॅडींचं होतं." म्हणजे माझे काहीच नव्हते.

त्या दिवशी गाडा भरून मुले बसली आणि इंजिन चढावर एकदाही घसरले नाही. कोणी टाळी वाजवली नाही. फक्त सून ॲना म्हणाली, "मम्मी, खरं सांगू? दिसायला वाईट झालंय. पण चढलं की!" आणि पुढची फेरी तिने स्वतः मारली. मी मागून ओरडत होते, "पाणी बघ, पाणी!" ती ओरडली, "बघतेय हो, तुम्ही गाड्यावर नीट बसा!"

ॲनाचे आणि माझे पटत नाही. ती पाकिटातला मसाला वापरते आणि मी स्वयंपाकघरात आले की रेडिओ मोठा करते. पण तोंडावर खरे बोलणारी या घरात ती एकटीच आहे.

मागच्या महिन्यात फ्रेडी लिओला गॅलरीत सांगत होता, "मोठी चाकं माझ्याकडे जपून ठेवलीत. वहिनी आहेत तोवर राहू दे. नंतर एका आठवड्यात ओरिजिनल." मी पडद्याआड होते आणि बहिरी नाही.

म्हणून हे इंजिन, दोन्ही नकाशे, कानशी आणि पास्कोलचा लेथ ॲनाला. इंजिन पहिल्या रूपात नेण्याचा हक्क कोणालाही नाही.

५. अंमलबजावणी लिओने करावी. करताना फोन बंद ठेवावा.

पुरवणी. वरील मजकूर आज सकाळी मी सर्वांसमोर मोठ्याने वाचला. फ्रेडीला मुद्दाम साक्षीदार म्हणून बसवले. वकिलांनी सांगितले आहे की आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रात साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला काही ठेवले तरी ते मिळत नाही. हे मी त्यालाही ऐकवले.

फ्रेडी हसला. "मला काही नकोच, वहिनी. पण ॲना ऑफिस सोडून कोळसा घालत बसणार आहे का? कागद राहील कपाटात, इंजिन येईल क्लबात. चाकं बदलायला कितीसा वेळ लागतो?"

मी लिओकडे पाहिले. तो फोनकडे पाहत होता. ॲना माझ्याकडे पाहत होती.

फ्रेडीचे बरोबर होते. हा कागद बोलू लागेल तेव्हा ओरडायला मी नसेन. म्हणून कलम चारमध्ये मागे ठेवलेले सर्व काही मी याच क्षणी ॲनाला दिले. इंजिन तिच्या खोलीत नेले. लिओने आणि फ्रेडीने ते उचलले, कारण ते जड आहे आणि माझे गुडघे वर सांगितलेच आहेत. आता ते माझे नाही, तेव्हा माझ्या मागे त्याची वाटणी नाही.

ॲनाने विचारले, "मम्मी, पुढे मला काही बदलावंसं वाटलं तर?"

ओठांवर शिवी आली होती. पण ते खरे इंजिनसुद्धा एकदाच बदलून थांबले नव्हते, हे मला दुसऱ्या नकाशावर नंतर केलेल्या दुरुस्त्यांवरून माहीत आहे. थोडा वेळ खोलीत फेऱ्या घातल्या.

"बदल," मी म्हटले. "पण चढलं पाहिजे."

शेजारीण झुबेदा म्हणाली, "खलास, बाजी, अब साइन करो, मेरी चाय ठंडी हो रही है." मी सही केली.

सही: सिसिलिया पा. तुस्कानो

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत त्यांनी सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही. इंजिन दिलेलेही आम्ही पाहिले.

साक्षीदार:
१. फ्रेडी तुस्कानो, अजमान (नाइलाजाने)
२. झुबेदा शेख, शेजारीण, अल कुसैस

ठिकाण: अल कुसैस, दुबई
शुक्रवार, १२ डिसेंबर २००३