शिसं काळं असतं

३ जून, सकाळी.
पाणीखात्याचं पत्रक आलं. जुन्या घरांतले पाइप शिशाचे असू शकतात, तपासून घ्या. तान्ह्या मुलांना जास्त धोका म्हणे. मुलगी तान्ही नात घेऊन राहायला आलीय, बाटलीचं दूध नळाच्याच पाण्यात कालवतात. लगेच रडकुंडीला आली. प्लंबर बोलावू म्हणाली. प्लंबरला काय कळतं? दुपारी मीच तपासणार.

दुपारी.
डोळा लागला.

५ जून.
सिंकखालच्या पाइपाला चुंबक लावला. चिकटला नाही. म्हणजे लोखंड नाही, गंज नाही, पाणी शुद्ध. जावई फोनवर म्हणाला, चिकटला नाही म्हणूनच शंका येते. दिवसभर कीबोर्ड बडवणारा मला धातू शिकवतोय! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

६ जून.
पाइप किल्लीने खरवडला. आत चांदीसारखा लख्ख! शिसं काळं असतं, शिसपेन्सिल धरलेल्या कुठल्याही पोराला ठाऊक आहे. या घरात कोणाला नाही. पाइप मऊ इतका, की किल्ली लोण्यातून फिरावी. जुना माल, उच्च दर्जाचा. बायको म्हणाली, पत्रकात हेच लिहिलंय: मऊ आणि खरवडल्यावर चकाकतं, ते शिसं. छपाईची चूक.

८ जून.
अख्खा पाइप पॉलिशपेपरने घासून उजळवला. शेजारणीला मुद्दाम दाखवला. तोंडाला रुमाल लावून पळाली. तिच्याकडे प्लास्टिकचे पाइप. माणसंही तसलीच.

९ जून.
सर्वांसमोर नळाचं पाणी पेलाभर प्यायलो. आता रोज सकाळी पिणार, म्हणजे खात्री पटेल. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. असो. एकेकाचं पाणी जोखून आहे मी.

१८ जून.
पोट दुखतंय. बायकोचा स्वयंपाक.

२० जून.
मी अंघोळीला गेलेला बघून मुलीने प्लंबर आणला. त्याने पाइप कापला. शिसंच. सगळ्यांची रक्ततपासणी झाली. नातीच्या इवल्या हाताला सुई टोचली, तेव्हा बाहेर जाऊन उभा राहिलो. पोरीला काही झालं तर? जेवण गेलं नाही.

२३ जून.
रिपोर्ट आले. नात नॉर्मल. मुलगी, बायको नॉर्मल. शिसं फक्त माझ्या रक्तात. डॉक्टरांना म्हटलं, एकाच घरात असं कसं? तुमची लॅब भंगार.

बायको म्हणाली, पत्रक आलं त्या दिवसापासून आम्ही दुधाला, चहाला, स्वयंपाकाला शेजारणीकडून कॅन भरून आणतोय. नळाचं तेवढं तुम्हीच पीत होता.

मला का नाही सांगितलं, विचारलं.

सांगत होते म्हणे. रोज.