नवरा हयात आहे

११ नोव्हेंबर
आईला बँकेत नेलं, हयातीच्या दाखल्यासाठी. बोटाचा ठसा मशीनवर उमटेना, शेवटी चेहऱ्याचा फोटो घेऊन भागवलं. बाबा रेल्वेत होते, त्यांच्यामागे आईला फॅमिली पेन्शन. त्यावर आई आणि मी. राहतो दादाच्या सेक्टर २ मधल्या कंपनीच्या क्वार्टरात, पण खाण्या-औषधाचं आमचं आम्ही, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.
रांगेत एक बाई भेटल्या. त्यांच्या नणंदेला बापाची पेन्शन लागली म्हणे, घटस्फोट झालेला म्हणून. येताना ऑटोत आई म्हणाली, "कुंदे, मी हाय तोवर कोर्टात जाऊन ये. मी गेल्यावर तुले कोन पुसनार हाय?"
ऑटोवाला ऐकून राहिला होता. मी बाहेर पाहत बसले.

१९ नोव्हें.
पेन्शनच्या ऑफिसात एकटीच गेले. तिथले बाबू नीट बोलले, बसायला खुर्ची दिली. लग्न न झालेली मुलगी, विधवा किंवा घटस्फोट झालेली, एवढ्यांनाच मिळते. माझ्यासारख्या टाकलेलीला नाही. तिला नवरा आहे ना, कागदावर. घटस्फोटाची केस आई जिवंत असताना दाखल व्हायला पाहिजे, निकाल मागून लागला तरी चालतो.
मग विचारलं, "पति जीवित हैं?"
"जी," म्हटलं, आणि वाईट वाटलं. कशाचं, ते बाहेर आल्यावर कळलं. विधवा असते तर सोपं होतं, हे मनात आलं होतं. आपल्याच मनात. घरी येऊन आंघोळ केली.

२३ नोव्हें.
दादाला सांगितलं. या वयात कोर्ट कशाला, चार लोक काय म्हणतील, मी आहे ना, वगैरे. तो मार्चअखेर रिटायर होतोय. क्वार्टर सोडून दोघं मुलाकडे पुण्याला जाणार. तिथे दोन खोल्या. आई आणि मी कुठे, ते कोणी बोलत नाही. मीही विचारत नाही.
रात्री भांडी आवरताना वहिनी हळूच म्हणाली, "कुंदाताई, करून टाका. 'मी हाय ना' तं मलेही ऐकवते ते."

४ डिसें.
दुर्गला वकीलबाईंकडे. आई हट्टानं बरोबर आली. वकीलबाईंनी विचारलं, इतकी वर्षं गेली, मग आताच का? मी उत्तर ठरवून गेले होते, की मनानं मोकळं व्हायचंय. त्याआधीच आई बोलली, "पेन्शनीसाठी."
टाईप करणाऱ्या मुलीचे हात थांबले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.
वकीलबाई हसल्या नाहीत. नोकरी केली का, विचारलं. केली होती, प्रायव्हेट शाळेत. बाबांना लकवा मारला तेव्हा सोडली. दादाची ड्यूटी, वहिनीची मुलं लहान, घरी बसायला मीच होते. पीएफ काढला तो बाबांच्या औषधात गेला. हे सांगतानाही काही चोरी केल्यासारखं वाटत होतं.
केस दाखल करायचं ठरलं.

१७ जाने.
घरी हळदीकुंकू. वर्ध्याचे (नवरा लिहवत नाही) दुसरीबरोबर राहायला लागले तरी दरवर्षी मी सवाष्णींतच बसते, कुंकू लावून घेते. आज वहिनी करंडा घेऊन माझ्यासमोर आली आणि अडली. आता केस घातलीय. लावायचं की नाही? बाकीच्या बायका साड्यांचं बोलू लागल्या, मुद्दाम.
मीच कपाळ पुढे केलं. का केलं, कोण जाणे. सवय, की भीती. लाज वाटली ती रात्रभर गेली नाही.

२ फेब्रु.
दुपारी फोन. "मी शोभा बोलते, वर्ध्यावरून. ताई, ठेवू नका."
तीच. आजवर आवाजही ऐकला नव्हता. नोटीस मिळाली म्हणाली. त्यांच्या किडन्या गेल्या आहेत, डायलिसिस चालू. इतकी वर्षं त्यांचं सगळं हीच करते. ते जि.प. शाळेतून पेन्शनवर निघालेले, त्यांच्यामागे पेन्शन कागदावरच्या बायकोला, म्हणजे मला. हिला काही नाही.
"तुम्ही मोकळ्या झाल्या तं आमचं लग्न लागन. मले नोटीस पाहून बरं वाटलं, ताई. राग नका मानू."
मी 'बरं' म्हटलं. तिचा राग राग करायची इतकी सवय, आणि तोंडातून निघालं 'बरं'.

३ फेब्रु.
जेवताना फोनचं सांगितलं. दादाचा घास हातातच राहिला. "मंग केस कावून करून राहिली? त्याहीचं काही झालं तं तुलेच भेटनार. मागं घे, अन् चूप बस."
आई चिडली. "पोरीनं कोनाच्या मरनाची वाट पाहत बसावं काय?"
 दुसरी वाट तर आईच्या मरणाची आहे. ते तिलाही कळलं असणार. ताट तसंच ठेवून उठली.

६ मार्च
कोर्ट. ते आले होते. ओळखू यायला वेळ लागला, इतके वाळलेले, पायऱ्यांवर दोनदा थांबले. शोभा बाकावर त्यांची पाण्याची बाटली धरून. बाई माझ्यापेक्षा म्हातारी दिसते. आईची तब्येत विचारली त्यांनी. संमती आहे म्हणाले, मला बोल लावला नाही. पुढच्या तारखेला दोघांच्या सह्या.
मी त्यांचे सुजलेले पाय पाहत होते आणि मनात हिशेब चालला होता, आधी कोण? हे की आई?
तिथे माणसं होती म्हणून रडले नाही.

२२ मार्च
आईला धाप लागली, काल ॲडमिट केलं. ऑक्सिजनवर आहे. बोलते, पण अर्धं-अर्धं.
वकीलबाईंचा फोन आला होता. सही करणार की केस मागे घेणार, तारखेच्या आत कळवा. दादा म्हणतो अजूनही वेळ गेली नाही. घरात खोके बांधून ठेवलेत. शोभाचे मिस्ड कॉल पडून आहेत.
दवाखान्याच्या फाटकाजवळ हनुमानाचं देऊळ आहे. तिथे उभी राहिले. आईला आयुष्य दे, म्हटलं. लगेच वाटलं, ती आहे तोवर तिची पेन्शन आहे, म्हणून तर मागत नाही ना? मग वर्ध्याच्यांसाठी मागून पाहिलं. ते जगले तर शोभाचं भलं, आणि माझं...
हात जोडलेलेच राहिले. मागच्या बाई म्हणाल्या, "चलो दीदी, आगे बढ़ो." बाजूला झाले.